चौदा हजार द्यायचे की सहा हजार घ्यायचे?

प्रश्न: बाबा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले होते. आई आधीच गेली होती, यंदा बाबाही गेले. जेलरोडला त्यांचं रो-हाऊस आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे सिमेंटच्या पत्र्यांची शेड. आम्ही दोघी बहिणी पुण्यात असतो. घर भाड्याने द्यायचंय, पण तीस-पस्तीस वर्षांचं सामान आत आहे. दोन लोखंडी कपाटं, सागवानी दिवाण, पाच गाद्या, बंद फ्रिज, पिक्चर ट्यूबचा टीव्ही, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, माळ्यावर तांब्याचा बंब आणि दोन पोती पितळी भांडी, रद्दीचे गठ्ठे, दोन गॅस सिलिंडर, बाबांची स्कूटर, बाथरूमच्या कामाचा पंधरा गोण्या मलबा. एकाने सांगितलं, ‘सगळं उचलून जागा झाडून देतो, १४ हजार द्या.’ दुसरा म्हणतो, ‘मीच तुम्हाला ६ हजार देतो, पण निवडायचं नाही, सगळं माझं.’ आम्हाला शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परतायचंय. कोणाला हो म्हणू?

उत्तर: ताई, सामान तेच, घर तेच, आणि एकाला वरून चौदा हजार हवेत तर दुसरा पदरचे सहा हजार द्यायला तयार. म्हणजे वीस हजारांची तफावत. दोघांपैकी खुळा कोणीच नाही. दोघांनाही माळ्यावरचा बंब दिसलेला आहे. पहिला तो बंब विकणारच आहे, शिवाय भाडं आणि हमाली तुमच्याकडून घेणार. दुसरा बंब, पितळ, कपाटं आणि बॅटरी पहिल्या खेपेत नेईल. फोमच्या गाद्या, प्लायचे तुकडे आणि मलबा ‘उद्या गाडी पाठवतो’ म्हणून अंगणात ठेवून जाईल. ती उद्याची गाडी येत नसते.

म्हणून तूर्त दोघांनाही थांबवा. तुमच्यापुढे खरं तर दोन कामं आहेत. ज्याचे पैसे येतात ते मोडीत देणं हे एक, आणि ज्याला कोणी हात लावत नाही ते हलवणं हे दुसरं. ही कामं दोन वेगळ्या माणसांना, दोन वेगळ्या हिशेबांनी द्या. सरसकट सौद्यात तुमचं नुकसान होतं ते दर कमी मिळाल्यामुळे नव्हे, तर कशाचे किती आले आणि कशाचे किती गेले हे कळतच नाही म्हणून.

त्याआधी एक खोली, शक्यतो वरची, रिकामी करून तिला कुलूप लावा. ठेवायचं ते सगळं त्या खोलीत. भंगारवाला घरात आल्यावर ‘हे राहू दे, ते नको’ सुरू झालं की ढीग एकमेकांत मिसळतात आणि नको ते गाडीत चढतं. त्याच वेळी नळ, तोट्या, पाण्याची मोटर आणि मीटरच्या पेटीचे फोटो काढून ठेवा. जुन्या घरातल्या तोट्या पितळेच्या असतात आणि गडबडीत त्या भंगारात गेलेल्या संध्याकाळी पाणी सोडल्यावरच कळतं.

शुक्रवारची रात्र कागदांना द्या. रद्दी विकायची घाई नको. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात पेन्शनची कागदपत्रं, विम्याच्या पॉलिसी, पोस्टाची पासबुकं, जुनी शेअर सर्टिफिकेटं आणि घराचे मूळ कागद एकाच जागी क्वचित असतात. कपाटाचा चोरकप्पा, गादीखाली, देवघराच्या खणात, तसबिरीच्या मागे, धान्याच्या कोठीच्या तळाशी, आणि दिवाळी अंकांच्या पानांत. प्रत्येक वही आणि अंक कण्याला धरून उलटा झटका. आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि कोरे चेक फाडून पाण्यात भिजवून लगदा करा, गठ्ठ्यात घालू नका. जुना संगणक असेल तर हार्ड डिस्क स्वतः काढून ठेवा. रद्दी विकताना वर्तमानपत्रं, पुस्तकं-वह्या आणि पुठ्ठा यांचे ढीग वेगळे करा. तिन्हींचे दर वेगळे असतात आणि मिसळलेल्या ढिगाला सगळ्यांत खालचा दर लागतो.

आता धातू. इथेच पैसे आहेत, म्हणून इथे जरा रेंगाळू. तांब्याच्या मोडीचा दर लोखंडाच्या वीस पटीहून जास्त असतो, पितळेचाही दहा पटीहून जास्त. तुमच्या दोन पोत्यांत आणि बंबात मिळून वीसेक किलो भरलं तरी त्या सहा हजारांच्या पुढे आकडा जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि कपाटं, बॅटरी, फ्रिज अजून मोजलेलेच नाहीत. दारावरच्या भंगारवाल्याला हे देऊ नका. रविवार कारंजा-सराफ बाजाराच्या बाजूला भांडी बाजारात घेऊन जा. नाशिक पूर्वीपासून तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथल्या दुकानांत जुनी मोड घेतात. दोन-तीन दुकानांत नुसता दर विचारा, मग वजन करा. नवं भांडं घेतलं तर मोडीला वेगळा दर आणि रोख हवे असतील तर वेगळा, हे आधीच विचारून घ्या.

नेण्यापूर्वी घरीच एक चुंबक फिरवा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. ‘पितळी’ समई चिकटली तर ती आतून लोखंडी आहे. स्टीलच्या बाबतीत मात्र चुंबकावर विसंबू नका, काही स्टील चिकटतं, काही नाही. बंबाच्या आतली लोखंडी जाळी आणि राखेचा डबा बाहेर काढा, नळी ठोकून काजळी झाडा. भांड्यांच्या लोखंडी कड्या आणि हँडल निघत असतील तर काढा. नाहीतर दुकानदार अंदाजाने वजावट धरतो, आणि असा अंदाज कधी गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकल्याचं ऐकिवात नाही. बंब धड असेल, कुठे चेपलेला नसेल, तर मोडीत घालण्याआधी जुन्या वस्तूंच्या दुकानात विचारा. शोभेची वस्तू म्हणून वजनाच्या दरापेक्षा जास्त पैसे येऊ शकतात. कपाटांचंही तसंच. दारं नीट लागत असतील, किल्ल्या जागेवर असतील, तर ती जुन्या फर्निचरवाल्याला द्या. किलोवर घालण्याची गोष्ट नव्हे ती. सागवानी दिवाणाबद्दल तर बोलायलाच नको. फळ्यांच्या कडेला, मागच्या बाजूने, रंग न दिलेली जागा शोधा. रेषा सलग दिसल्या तर भरीव लाकूड, पापुद्रे दिसले तर वर लाकडाचा पातळ थर लावलेला प्लाय.

लोखंड, ॲल्युमिनियम, रद्दी घरीच विकणार असाल तर काटा तपासा. टांगायचा स्प्रिंगचा काटा असेल तर रिकामा असताना सुई शून्यावर आहे का ते डोळ्यांच्या रेषेत बघा. मग घरातली एखादी नक्की वजनाची वस्तू लावा. सील न फोडलेला भरलेला सिलिंडर यासाठी उत्तम. रिकाम्या टाकीचं वजन त्याच्या वरच्या पट्टीवर छापलेलं असतं, त्यात घरगुती गॅसचे १४.२ किलो मिळवा. समजा छापील आकडा १५.६ असेल तर काट्यावर २९.८ यायला हवेत. दोन किलो कमी आले तर त्या माणसाला चहा पाजा आणि निरोप द्या. सिलिंडर नसेल तर न उघडलेलं तांदळाचं पोतं चालेल. काट्यावर वैधमापन विभागाची मोहोर आणि चालू वर्ष आहे का तेही बघा. शिवाय दर वजनाला तुमच्या बहिणीने वहीत आकडा लिहायचा. शेवटी एकदम बेरीज सांगणाऱ्यापुढे हीच वही कामाला येते.

सिलिंडर मात्र भंगार नव्हेत. ते गॅस कंपनीच्या मालकीचे असतात. कनेक्शनचा कागद शोधा, रेग्युलेटरसकट एजन्सीत परत करा, अनामत मिळते. बाबांच्या नावावर कनेक्शन असल्याने मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून तुमचं ओळखपत्र सोबत ठेवा. एजन्सी रविवारी बंद असेल, म्हणून हे शनिवारी सकाळीच उरका. काट्याची परीक्षा त्याआधी घ्या.

बॅटरी वेगळी काढा. नळीवाली (ट्यूब्युलर) १५० अँपिअर-तासाची बॅटरी आम्लासकट ५० किलोच्या पुढे असते, म्हणून दोघांनी उचलायची आणि उभीच ठेवायची. आडवी केली की आम्ल सांडतं, फरशी आणि हात दोन्ही भाजतात. आधी काळी, म्हणजे ऋण बाजूची वायर सोडवा, मग लाल. सुटलेल्या टोकांना चिकटपट्टी. ‘वजन कमी होईल, आम्ल गटारात ओततो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेली बॅटरी विक्रेत्यामार्फत किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवी. कोणी ओळखीचं नवी बॅटरी घेत असेल तर त्यांच्या खरेदीत ही बदलीत देणं सगळ्यांत सोपं.

फ्रिज आणि टीव्हीचा घोळ वेगळाच. भंगारवाल्याला फ्रिजमधून फक्त कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी हवी असते. तो तुमच्याच अंगणात पक्कडीने नळी तोडतो. जुन्या फ्रिजमधला गॅस हवेत सुटतो, नव्यांत बहुधा आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे तर हाल बघवत नाहीत. मागची मान ठोकून तांब्याची गुंडाळी काढतात आणि शिसं असलेली काच जवळच्या मोकळ्या प्लॉटवर जाते. म्हणून अट एकच, इथे काही तोडायचं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला ई-कचरा पुनर्चक्रण करणारा किंवा त्याचा संकलक गाठा. फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर, वायरी, जुने मोबाइल एकत्र ठेवले तर त्यालाही खेप परवडते. फोन आजच करा. शनिवार मिळाला नाही तर ही रास त्या कुलूपबंद खोलीत राहू द्या. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, ते न फोडता खोक्यात घालून, ‘घातक’ असं लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळे द्या.

आता न विकणाऱ्या सामानाकडे या. कापसाच्या गाद्या असतील तर पिंजाऱ्याला विचारा, कापूस पुन्हा पिंजून वापरता येतो. फोम आणि काथ्याच्या गाद्या, भुशाच्या बोर्डाचं फर्निचर, फुगलेला प्लाय यांना दर नाही. आणि मलबा, ज्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पंधरा गोण्या, प्रत्येकी साधारण ४० किलो, म्हणजे ६०० किलो. छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो, साडेसातशे किलोच्या आसपास वाहतो. त्याच्या सुमारे ७ फूट बाय पावणेपाच फूट हौद्यात एवढा मलबा पसरला तर थर जेमतेम अर्धा फूट दिसतो. गाडी रिकामीच वाटते, मग घरमालक म्हणतो ‘अहो, यावर दिवाण टाका की’, आणि चालकही भिडेपोटी टाकतो. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बसतात, आणि नंतर जादा भाड्याचं भांडण. उलट गाद्या आणि टेबलं वजनाने काहीच नसतात पण जागा खातात. म्हणून तुमच्याकडे हिशेब असा: मलब्याची छोटा हत्तीची एक खेप, आणि गाद्या-लाकूडफाट्याची पिकअपची एक खेप, वर बांधायला दोर. मलबा ब्रासवर मोजायची वेळ आली तर लक्षात ठेवा, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनाने चार टनांच्या घरात. तुमचा मलबा त्याच्या पाव भागाहूनही कमी आहे, त्यामुळे ‘एक ब्रास धरू’ म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणा. गोण्या उन्हात पडून कुजल्या असतील तर उचलताना बूड फाटतं. आधीच दुसऱ्या गोणीत घालून निम्म्या भरा.

दिवाण आणि कपाट जिन्यातून उतरतील का, हे शुक्रवारीच टेपने मोजा. दाराच्या चौकटीची आतली रुंदी, जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा आणि कठड्याची उंची. जेलरोडच्या कित्येक घरांत दिवाण वर गेला तेव्हा गॅलरीला ग्रिल नव्हतं. दोर लावून बाहेरून ओढून घेतलेला असतो. असं असेल तर सुतार बोलावून स्क्रू काढून सुटा करा. हमालांकडून मोडून घेतलात तर सागवानाचं जळण होतं. कपाटाच्या आतल्या फळ्या काढा, दार कुलूपबंद करून किल्ली चिकटपट्टीने मागच्या बाजूला लावा, आणि उतरवताना बूड पुढे ठेवा.

मागच्या शेडबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पत्रे गळत नसतील, फुटलेले नसतील, तर हात लावू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते पत्रा फोडला, घासला, कापला की हवेत येतात. काढायचेच असतील तर पाणी मारून ओले करा, हुकांचे नट खोला, अख्खे उतरवा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. हातोडा, कटर अजिबात नको. पत्र्यावर थेट पाय ठेवून माणसं खाली पडल्याचे अपघात नेहमीचे आहेत. आडव्या फळ्या टाकल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नका.

घंटागाडी मलबा घेत नाही, आणि इथूनच खरा गुंता सुरू होतो. स्वस्तात उचलणाऱ्याची गाडी रात्री दसक-पंचककडे गोदाकाठी, वालदेवी नदीच्या पात्रात किंवा कोणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर रिकामी होते. पावसाळ्यात तोच मलबा नाल्यात अडकतो. गोणीत बाबांच्या नावाचं एखादं लाइट बिल निघालं तर चौकशीला गाडीवाला नव्हे, तुम्ही सापडता. महापालिकेच्या नाशिकरोड विभागीय कार्यालयात स्वच्छता निरीक्षकाला विचारून मलबा कुठे उतरवायचा ते ठिकाण घ्या. शेजारी कोणाचं जोत्याचं काम चालू असेल आणि त्याला भराव हवा असेल तर विटा-फरशीचा स्वच्छ मलबा तो आनंदाने घेईल, पण प्लॅस्टिक, थर्माकोल, रंगाचे डबे त्यातून काढा, आणि जागेच्या मालकाचा होकार मोबाइलवर लिहून घ्या.

आता पहिल्या माणसाला परत फोन करा. धातू, रद्दी, कपाटं, दिवाण आणि बॅटरी यादीतून गेले आहेत, फक्त दोन खेपा आणि हमाली उरली आहे, असं सांगून नवा आकडा मागा. तो चौदाच्या निम्म्याच्या आसपास यायला हवा. तेवढा खाली येत नसेल तर अजून दोघांना विचारा. गाडीभाडं वेगळं, हमाली वेगळी, वरच्या मजल्याचे वेगळे, असं फोडून विचारलं की फुगवलेला भाग आपोआप दिसतो. गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, हेही सांगा. पन्नास पावलं जास्त चालावं लागलं की हमाली बदलते, आणि ती मागणी रास्त असते. जानेवारी ते एप्रिल असेल तर पिकअप चार दिवस आधी सांगून ठेवा, कारण द्राक्षाच्या हंगामात त्या निफाड-दिंडोरीकडे गुंतलेल्या असतात. दसरा-दिवाळीच्या साफसफाईतही माणूस मिळत नाही.

ठरलं की व्हॉट्सॲपवर असा मजकूर पाठवा आणि त्याचं ‘हो’ येऊ द्या:

‘शनिवार दुपारी २. जेलरोड, तळमजला आणि वरचा मजला. छोटा हत्ती १ खेप, मलबा १५ गोण्या. पिकअप १ खेप, गाद्या, प्लाय, टेबलं. माणसं ३. भाडं, हमाली, डिझेल आणि उतरवण्याचा खर्च धरून एकूण इतके. जादा खेप लागली तर आधी विचारायचं, तिचे इतके. मलबा उतरवण्याचं ठिकाण अमुक. घरात काहीही तोडायचं नाही. झाडून जागा दाखवल्यावर आणि रिकाम्या गाडीचा फोटो आल्यावर उरलेले पैसे.’

आगाऊ फक्त डिझेलपुरतं द्या. गाडी आली की नंबरप्लेटचा फोटो काढा. अर्धे पैसे माल भरल्यावर, उरलेले फोटो आल्यावर. संध्याकाळच्या गर्दीत बिटको चौकात आणि द्वारका चौकात गाडी अडकते, म्हणून दुसरी खेप पाचच्या आत निघालेली बरी.

वेळेचं म्हणाल तर पुण्यात बसून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचं हे काम नाही. शनिवारी सकाळी एक बहीण एजन्सी आणि भांडी बाजार, दुसरी घरी रद्दी आणि लोखंडाच्या काट्यापाशी. दुपारी गाड्या. रविवार झाडू, पाणी आणि राहिलेल्या कपाटासाठी मोकळा ठेवा, काहीतरी राहतंच.

उरली स्कूटर. ती भंगारात देऊ नका, कोणी कितीही म्हटलं तरी. गाडी बाबांच्या नावावर आहे तोवर तिच्या नंबरावर काही घडलं तर विचारणा या घराच्या पत्त्यावर येईल. आधी वारस म्हणून आरटीओत नाव बदलून घ्या, मग नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नोंदणी रद्द होते. याला दोन दिवस नव्हे, काही आठवडे लागतील. तोवर टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरीची वायर सोडा, आणि स्कूटर शेडमध्ये लावून ठेवा. भाडेकरूशी बोलताना शेडचा तेवढा कोपरा आधीच वगळा आणि करारातही तसं लिहा.